ऑटोहॉटकी: बिलिंग दोन-दोनदा उघडतं त्यावर फुकटातला इलाज

नाशिकला दिंडोरी रोडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि हा रिव्ह्यू ऑटोहॉटकी नावाच्या फुकट प्रोग्रामचा आहे. अख्ख्या प्रोग्रामचा नाही, कारण त्यात ढीगभर गोष्टी होतात आणि मला त्यातली एकच लागते: काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर एकाच वेळी दोनदा-तीनदा उघडायला नको. तेवढ्या कामाला पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच. आणि हे काम मुळात बिलिंगवाल्या कंपनीचं आहे बरं का, दरवर्षी पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरला आपणच फुकटातला वॉचमन लावायचा, यातच काय ते आलं.

ज्यांच्याकडे हा त्रास नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मखमलाबाद, मातोरी, म्हसरूळ, तिकडे दिंडोरीपर्यंतची गिऱ्हाइकं सकाळपासून दुकानात उभी. छाटणी झाली की पेस्टिंगचं औषध (डोळे फुटायला काडीवर लावतात ते) लगेच लागतं, उद्या बघू म्हणता येत नाही, त्यात पाऊस लांबला की डाऊनी रोगाची धास्ती, म्हणजे जो येतो तो घाईतच येतो. आणि आमच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर जुना, एसएसडी म्हणजे ती वेगवान डिस्क नाही, साधी हार्ड डिस्क. सकाळी बिलिंगच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की ते निळं चक्र क्षणभर फिरतं आणि गायब होतं, मग चांगला वेळ स्क्रीनवर काही म्हणजे काहीच नाही. काउंटरवरचं पोरगं काय करणार, परत दाबतं. परत काही नाही, परत दाबतं, तोवर मागून कोणीतरी ओरडत असतं, "ए भाऊ, माझं आधी कर ना, गाडी रस्त्यावरच लावलीये." मग सगळ्या लॉगिनच्या खिडक्या एकदम येतात, एकावर एक, अगदी त्याच जागी, त्यामुळे खाली अजून एक आहे हे कळतही नाही. पोराला विचारलं तर त्याचं म्हणणं, "दादा, काही झालंच नाही म्हणून परत दाबलं." बरोबरच आहे त्याचं.

आता नुसत्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या असत्या तर कोणी लक्षही दिलं नसतं. पण आमच्या सॉफ्टवेअरची खोड अशी की बिल नंबर सेव्ह करताना नाही, नवीन बिलाचा फॉर्म उघडतानाच पकडलेला असतो. दोन कॉपी चालू असल्या की दोन्हीत पुढचा नंबर तोच. एका कॉपीत एकाचं बिल अर्धं झालंय, बॅच नंबर आणि एक्सपायरी टाकायचं चाललंय, तेवढ्यात दुसरा उधारी विचारायला येतो, पोरगं नकळत दुसऱ्या कॉपीत जातं, तिथेच त्याचं बिल करून प्रिंट देऊन टाकतं, मग परत पहिलीत येऊन अर्धं राहिलेलं पूर्ण करतं. दोन शेतकरी, दोन कागद आणि नंबर एक. वर स्टॉकचा घोळ वेगळाच, कारण दुसऱ्या कॉपीने उघडताना वाचलेला स्टॉक तिच्याकडे तसाच असतो, रॅकवर बाटली नसते आणि स्क्रीनवर सहा शिल्लक दिसतात.

जीएसटीच्या नियम ४६ मध्ये साफ लिहिलंय की बिल नंबर सलग पाहिजे, १६ अक्षरांपेक्षा लांब नको आणि त्या आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरताना तक्ता १३ मध्ये कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं फाडली, रद्द किती, हे सगळं द्यावं लागतं. तिथे एक नंबर डबल निघाला की आकडे जुळत नाहीत आणि आमचे सीए फोनवर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला फोन केला (नाव घेत नाही, नाशिकमधल्या बऱ्याच दुकानांत तेच आहे), तर उत्तर आलं, "सर, मुलांना सांगा एकदाच क्लिक करायला." म्हणजे गर्दीच्या वेळी पोराने मान खाली घालून स्क्रीनकडे बघत बसायचं आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. हा काय सपोर्ट झाला.

विंडोजची बाजूही सांगायला पाहिजे कारण पुष्कळ जणांना वाटतं की विंडोजने हे स्वतःच थांबवायला हवं. ते थांबवत नाही आणि त्याला कारण आहे, काही प्रोग्राम दोनदा उघडणं लोकांना हवंच असतं, कॅल्क्युलेटर घ्या. डेस्कटॉपवरच्या आयकॉनचं काम फक्त सुरू करणं, आधीच चालू आहे का ते तो बघत नाही. टास्कबारवर पिन केलेल्या आयकॉनचं वागणं मात्र वेगळं आहे, २००९ च्या विंडोज ७ पासून तिथे क्लिक केलं की चालू असलेलीच खिडकी समोर येते आणि मुद्दाम दुसरी पाहिजे असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करावं लागतं. मॅकवर तर डॉकमधून काय आणि फोल्डरमधून काय, तेच अ‍ॅप परत उघडलं की चालू असलेलंच समोर येतं, मुद्दाम दुसरी कॉपी हवी तर वेगळी खटपट करावी लागते. तर ज्यांचं सॉफ्टवेअर झटकन उघडतं त्यांनी डेस्कटॉपवरचा आयकॉन काढून टास्कबारवर पिन करावा, काम झालं, पुढचं वाचायचीही गरज नाही. आमच्याकडे ते पुरलं नाही, कारण एक तर खिडकी यायच्या आधीच दुसरं क्लिक होतं, आणि दुसरं म्हणजे बिलिंग फुल स्क्रीन उघडतं, टास्कबार त्याच्याखाली झाकला जातो, मग पोरं विंडोज-डी दाबून डेस्कटॉपवर जातात आणि सवयीने आयकॉनच शोधतात.

एका ओळखीच्याने सुचवलं की फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन सिंगल क्लिकने उघडण्याची सेटिंग कर. अजिबात करू नका. हात डबल क्लिकला बसलेला असतो, सेटिंग सिंगलची झाली की सवयीच्या त्या दोन टिचक्यांत दोन कॉपी. माऊस मात्र जरूर तपासा. जुन्या माऊसच्या बटणाखालचा स्विच झिजला की एकदा दाबलेलं दोनदा जातं, आणि असा माऊस असेल तर पोराला बोलून काय उपयोग, दोन-चारशे रुपयांचा नवीन आणा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे कसं करायला पाहिजे ते माझ्या भाच्याने मला नीट समजावलं, तो सातपूरला एका कंपनीत प्रोग्रामिंगचंच काम करतो. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्याच ओळीत विंडोजकडे एक नाव नोंदवायचं, त्याला म्युटेक्स म्हणतात. नाव आधीच नोंदलेलं असेल तर विंडोज १८३ नंबरचा एरर देतं, म्हणजे आपली एक कॉपी आधीच चालू आहे, मग जुनी खिडकी समोर आणायची आणि आपण गपगुमान बंद व्हायचं. यात खास मुद्दा असा की हे नाव विंडोज स्वतः सांभाळतं, दोन कॉपी एकाच क्षणी सुरू झाल्या तरी नवीन नोंद एकीचीच होते, आणि प्रोग्राम मध्येच आपटला तरी विंडोज ते नाव आपोआप सोडतं. काही सॉफ्टवेअरवाले त्याऐवजी डिस्कवर एक लॉक फाइल बनवतात, आणि लाईट गेली की ती फाइल तशीच राहते, मग लाईट आल्यावर सॉफ्टवेअर उघडायलाच नकार देतं. आमच्याकडे लाईटचा काय भरवसा, तुम्हाला माहीतच आहे. आणि हे सगळं हाताने लिहायचंही नसेल तर व्हीबी ६ या प्रोग्रामिंगच्या जुन्या भाषेत त्यासाठी तयार सोय होती, तिच्या पुढच्या व्हीबी डॉट नेटमध्ये २००५ पासून प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एक टिकमार्क आहे. एक टिक हो! दरवर्षी रिन्यूअलचे पैसे घेता आणि एक टिक मारायला होत नाही?

यातही अर्धवट काम करणारे असतातच. काही प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडले की "अ‍ॅप्लिकेशन आधीच चालू आहे" एवढा एक मेसेज देतात, खाली ओके. चालू आहे ना, मग दाखव की बाबा. जुनी खिडकी मिनिमाइज होऊन कुठे पडलीये ते शोधायचं काम परत आपलंच. नोटपॅड प्लस प्लस हा टेक्स्ट लिहायचा प्रोग्राम बघा, दुसरी फाइल उघडली की त्याच खिडकीत नवीन टॅब येतो, कोणाला वेगळं हवं असेल तर सेटिंगमध्ये बदलता येतं. व्हिडिओ बघायच्या व्हीएलसीतही एकच कॉपी चालू ठेवण्याची सेटिंग आहे. असं पाहिजे.

आता ऑटोहॉटकी. २००३ पासून आहे, ओपन सोर्स आहे, फक्त विंडोजवर चालतं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या (त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात), फाइल सेव्ह करायची, आणि त्या फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर बिलिंगच्या जागी ठेवायचा. आयकॉन बिलिंगचाच लावायचा, पोरांना फरक कळतसुद्धा नाही. ओळींचा अर्थ असा: बिलिंगची खिडकी कुठे उघडी आहे का बघ, असेल तर समोर आण, नसेल तर सॉफ्टवेअर सुरू कर. खिडकी मिनिमाइज असली तरी ती मोठी करूनच समोर येते, हे मला फार आवडलं.

खरी गंमत यात पुढे आहे. आमचा त्रास होता तो खिडकी यायच्या आधीच्या सेकंदांचा, तेव्हा शोधायला खिडकीच नसते. त्यासाठी ऑटोहॉटकीत 'सिंगल इन्स्टन्स' नावाची एक ओळ आहे, ती स्क्रिप्टच्या स्वतःच्या दोन कॉपी होऊ देत नाही. तिला 'इग्नोर' सांगितलं की पहिली स्क्रिप्ट चालू असेपर्यंत पुढची क्लिक सरळ वाया जातात. मग स्क्रिप्टला सांगायचं की सॉफ्टवेअर सुरू केल्यावर लगेच संपू नको, खिडकी येईपर्यंत थांब, फार तर साठ सेकंद. तेवढा वेळ पोराने आयकॉन कितीही बडवला तरी काही होत नाही. ('फोर्स' लिहू नका. त्यात जुनी स्क्रिप्ट बंद होऊन नवी सुरू होते, आपल्याला नेमकं उलटं पाहिजे.) आणि त्या थांबण्याच्या वेळात माऊसजवळ एक छोटा मेसेज दिसतो, आम्ही मराठीत टाकलाय, "बिलिंग उघडतंय, थांब जरा." या मेसेजनेच अर्धा प्रश्न सुटला असं मला वाटतं, कारण पोरं पुन्हा दाबायची ती काहीच दिसत नव्हतं म्हणून.

अजून एक फट राहते. लॉगिनची खिडकी बंद होऊन मुख्य खिडकी यायला आमच्याकडे काही सेकंद जातात, त्या मध्यात कोणी क्लिक केलं तर खिडकी नाही म्हणून स्क्रिप्ट नवीन कॉपी काढेल. म्हणून खिडकीबरोबर प्रोसेस, म्हणजे खिडकी नसली तरी मागे चालू असलेला प्रोग्राम, चालू आहे का तेही तपासायचं, टास्क मॅनेजरमध्ये जे एक्झी (प्रोग्रामच्या मूळ फाइलचं) नाव दिसतं ते द्यायचं. खिडकी शोधतानाही एक्झीच्या नावानेच शोधा, वरच्या पट्टीवरच्या टायटलने नको, कारण आमच्या टायटलमध्ये फर्मचं नाव आणि आर्थिक वर्ष येतं, एक एप्रिलला वर्ष बदललं की स्क्रिप्ट आंधळी.

आता कापलेल्या स्टारचं. पहिलं म्हणजे हा वॉचमन एकाच दारावर उभा असतो. आपल्या शॉर्टकटवरून आलं तरच तो अडवतो, कोणी स्टार्ट मेनूतून किंवा थेट फोल्डरमधून एक्झी उघडली तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जुने शॉर्टकट सगळीकडून काढावे लागले. आणि बिलिंगचा अपडेट आला की तो स्वतःचा शॉर्टकट डेस्कटॉपवर परत आणून ठेवतो, तेव्हा अपडेटनंतर डेस्कटॉपवर नजर टाकायची सवय ठेवा. दुसरं, विंडोजमध्ये 'स्विच युजर' करून दोन जण लॉगिन असतील तर एकाच्या खिडक्या दुसऱ्याच्या स्क्रिप्टला दिसत नाहीत. तिसरं, जी सॉफ्टवेअर बंद केल्यासारखी वाटतात पण घड्याळाजवळच्या आयकॉनमध्ये जाऊन लपतात, त्यांची खिडकी लपलेली असते, तिच्यासाठी वेगळी ओळ लागते.

सगळ्यात वैताग म्हणजे अडकलेली प्रोसेस. कधी कधी बिलिंगची खिडकी बंद होते पण मागे प्रोसेस लटकून राहते. मग स्क्रिप्टला वाटतं सॉफ्टवेअर चालू आहे, ती नवीन उघडू देत नाही, आणि समोर आणायला खिडकीही नाही. गिऱ्हाईक उभं आणि आयकॉन मुका. तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ती प्रोसेस मारावी लागते. भाचा म्हणाला, मामा, स्क्रिप्टच मारून टाकेल ना, एक ओळ टाकतो. मी नको म्हटलं. डेटा लिहिता लिहिता प्रोसेस मारली आणि फाइल खराब झाली तर निस्तरणार कोण? त्याऐवजी तिथे मेसेज ठेवलाय, "बिलिंग मागे अडकलंय वाटतं, दादांना बोलव." एवढं पुरतं.

सेटिंग करताना व्हर्जनचा घोळ लक्षात ठेवा. इंटरनेटवर सापडणारे अर्धे नमुने जुन्या १.१ चे आहेत, आणि व्हर्जन २, जे डिसेंबर २०२२ मध्ये आलं, त्याची लिहायची पद्धत वेगळी आहे, जुनं तसंच चिकटवलं की एरर. नवीन करणाऱ्याने सरळ २ च घ्यावं, मराठी मेसेजही त्यात साध्या यूटीएफ-८ (मराठी अक्षरं चालणारा फाइलचा प्रकार) फाइलमध्ये नीट दिसतात. मदतीची पानं इंग्रजीत आहेत, पण उदाहरणं भरपूर. स्क्रिप्टची एक्झी बनवायची सोय आहे पण काही अँटिव्हायरस अशा एक्झीवर उगाच बोंब मारतात, आम्ही म्हणून नुसती टेक्स्ट स्क्रिप्टच ठेवली. आणि डाउनलोड त्यांच्या मूळ साइटवरूनच, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर तयार स्क्रिप्ट पाठवली तर वाचल्याशिवाय चालवू नका. हा प्रोग्राम तुमची प्रत्येक की पकडू शकतो, बँकेचा पासवर्डसुद्धा.

एक गोष्ट याने होणार नाही, ती आधीच समजून घ्या. ज्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर नेटवर्कने एकाच डेटाला जोडलेत त्यांचा डबल नंबर ऑटोहॉटकीने जाणार नाही, कारण तिथे दोन्ही कॉपी कायदेशीर चालू असतात, वेगवेगळ्या मशीनवर. तिथे नंबर डेटाबेसनेच सेव्ह करताना द्यायला पाहिजे, आणि तोच नंबर परत आला तर घ्यायलाच नको. म्युटेक्सही तिथे कामाचा नाही, तो एका मशीनपुरता. यासाठी सॉफ्टवेअरवाल्याचंच डोकं खावं लागेल.

आमच्या मागच्या खोलीत अकाउंटचा कॉम्प्युटर आहे, तिथे मी हे मुद्दाम लावलेलं नाही. अकाउंटवाल्या ताईंना होलसेल आणि रिटेल, दोन फर्म शेजारी शेजारी उघडून लेजर जुळवायला लागतात, आणि आमचं सॉफ्टवेअर एका कॉपीत एकच फर्म उघडतं. मी फक्त काउंटरवर लावतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "इथे लावलंत ना दादा, तर मी तुमचं टॅली तुम्हालाच करायला लावीन." त्यांच्याकडे बिलं होत नाहीत, नंबरचा प्रश्न येत नाही, राहू दे.

खर्च शून्य. ज्यांच्या घरात किंवा शेजारी थोडं कॉम्प्युटर कळणारं कोणी आहे त्यांचं तासाभराचं काम आहे. ज्यांच्याकडे कोणीच नाही त्यांनी आधी टास्कबारवर पिन करून बघा, त्याने नाही भागलं तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून बघा, सॉफ्टवेअर लगेच उघडायला लागलं की पोरं दुसरं क्लिक करतच नाहीत. आमच्या एसएसडीचं दिवाळीनंतर बघू म्हटलंय, तोवर स्क्रिप्ट आहेच.